दोन हातांनी मोजलेले तारू

मी, खाली सही करणारा, दारे-खिडक्या करणारा सुतार, वय वर्षे त्र्याहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून ठेवीत आहे. अक्कलहुशारीबाबत डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या धाकट्या भावाचे याविषयी मत निराळे आहे. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते. त्यात भावाचा उल्लेख अकरा वेळा आला होता आणि एकदाही बरा नव्हता.

डॉक्टर म्हणतात, हृदय थकले आहे, आवराआवर करून ठेवा. म्हणून ही आवराआवर.

कलम पहिले, घर. वडिलांनी बांधलेल्या घराचा डावा अर्धा भाग माझा आहे: बैठकीची खोली, स्वयंपाकघर व मागचा ओटा. तो माझ्या मुलीला द्यावा. ती नर्स आहे आणि तिला घाबरायची सवय नाही, हे बरे आहे, कारण घर तारवासकट घ्यावे लागेल. उजवा अर्धा भाग भावाचा. मधली भिंत दोघांची असून ती पातळ आहे.

कलम दुसरे, तारू. याचा खुलासा करणे भाग आहे. नाहीतर बैठकीच्या खोलीत सुरू होऊन स्वयंपाकघरात संपणारी ही पेटी कशाची, असे उद्या कोणीही विचारील.

वडिलांनी मागे एक बायबल आणि दोन मुलगे ठेवले. मी त्यातले सगळे जसेच्या तसे घडले असे मानतो. भाऊ शिंपी आहे. त्याचे म्हणणे, या जुन्या लोकांनी रचलेल्या गोष्टी आहेत, छान आहेत, पण गोष्टीच. एका रविवारी जेवताना त्याने जलप्रलयाचा आणि त्यात माणसे व जनावरे वाचवणाऱ्या तारवाचा, म्हणजे मोठ्या नावेचा, विषय काढला. त्या तारवाचे माप पुस्तकात दिलेले आहे: तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. असले खोके तरंगते का, असे त्याने विचारले. मी म्हणालो, विसाव्या हिश्शाने करून बघू. तरंगले तर पुस्तक खरे, बुडाले तर गोष्ट. दोघांनी टाळी दिली. आमच्यात त्यानंतर एकमत झाल्याची नोंद नाही.

पंधरा हात लांब करायचे ठरले. भावाने विचारले, हात म्हणजे कोणाचा? पुस्तकात ते दिलेले नाही. दोन आठवडे वाद झाला आणि शेवटी डावी बाजू माझ्या हाताने, उजवी त्याच्या हाताने मोजायची अशी तडजोड निघाली. त्याचा हात माझ्यापेक्षा दीड बोट आखूड आहे. पंधरा हातांत तो फरक एवढा वाढला की तारू उजवीकडे वळले. ते आजही स्वयंपाकघरात शिरताना मोरीकडे बघते. मी म्हणालो, तुझ्या हातामुळे देवाचे माप बिघडले. तो म्हणाला, देवाला टेप घेऊन यायला काय झाले होते. त्या दिवसापासून एकोणीस वर्षे आमचे बोलणे बंद आहे.

तारू पाण्यात घालून बघता आले नाही. चाळीस वर्षे मी गावभरची दारे मोजली, स्वतःचे मोजायचे राहिले. ते दारातून निघत नाही, आणि पुढची भिंत पाडली तर छप्पर खाली येईल असे गवंडी सांगतो. ठोकळ्यांवर ठेवले ते तिथेच राहिले. माझ्या पत्नीने त्यात पांघरुणे, पिठाचा डबा आणि मुलीची जुनी पुस्तके भरली. ती आम्हाला एकदाच म्हणाली होती, "तुम्ही दोघं ते पुस्तक वाचता की नुसतं मोजता?"

कलम तिसरे, हत्यारे. रंधे, करवती व पटाशा गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या सुतारणीला द्याव्यात. ती माझ्याकडे शिकली आणि माझ्यापेक्षा सरळ कापते. तारू पहिल्यांदा बघून ती हसली नाही, हे मी विसरलेलो नाही.

कलम चौथे खोडले आहे. ते व्याह्यांबद्दल होते.

कलम पाचवे, पाद्रीबाबा. बायबल खरे की गोष्ट, हे त्यांनी एकदाचे सांगावे म्हणून मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी पाऊण तास डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. त्यांना मी खास बनवलेले एक स्टूल ठेवीत आहे. त्याचे चारही पाय वेगवेगळ्या उंचीचे आहेत. ते ज्या बाजूला कलेल त्या बाजूला त्यांनी कलावे.

कलम सहावे, बायबल. मुलीला द्यावे. काकाला वाचायला हवे असेल तेव्हा तिने नाही म्हणू नये. वाचायला देणे म्हणजे मालकी देणे नव्हे, हे वकीलबाईंकडून खात्री करून घेतले आहे. असे का विचारले ते पुढे येईल.

कलम सातवे, हे मुख्य आहे. आठ वर्षांपूर्वी आमच्या रस्त्याखालची पाण्याची मोठी वाहिनी भर दुपारी फुटली. घरात गुडघाभर पाणी शिरले. मी दूर एका इमारतीत खिडक्या बसवीत होतो. पत्नीचे गुडघे धड नव्हते. भिंतीपलीकडून भावाने तिची हाक ऐकली, मागच्या ओट्यावरून तो आत आला आणि वहिनीला उचलून त्याने तारवात बसवले. मी धावत घरी पोचलो तेव्हा पाणी ओसरले होते, भाऊ निघून गेला होता, ही कोरड्या पायांनी आत बसली होती आणि फळीवर त्याची मोजायची टेप पडली होती.

मी बायकोला कशी आहेस असे विचारले नाही. तरंगले का, असे विचारले. याची लाज मला अजून वाटते.

ती म्हणाली, "मी कुठे बघत बसू? मी पिठाचा डबा धरला होता. त्याला विचारा. भाऊ तुमचा आहे."

तारू स्वयंपाकघराच्या दिशेने चार बोटे सरकलेले होते. पण तेवढे कोणी ढकलूनही सरकते. तीन वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या दिवसांत मी पुन्हा विचारले, तर हसून म्हणाली, त्याला विचारा. तेव्हा आता हे जगात एकच माणूस सांगू शकतो आणि तो भिंतीच्या पलीकडे राहतो. त्याच्या शिलाई मशीनचा आवाज मला ऐकू येतो. तो थांबला की मी घड्याळ बघतो, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत माझे कशात लक्ष लागत नाही.

विसाव्या हिश्शाचे, वाकडे तारू गुडघाभर पाण्यात तरंगले म्हणून अख्खे पुस्तक खरे ठरत नाही, एवढे मलाही या वयात समजते. तरी मला मरण्याआधी ते कळायला हवे. आणि ते त्याच्याकडूनच कळायला हवे. मला त्याची फार आठवण येते.

कलम आठवे. भावाला मी काहीही ठेवीत नाही. हे रागाने नाही. मृत्युपत्राने ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकीलबाईंनी सांगितले, आणि मला तो साक्षीदार म्हणून हवा आहे, म्हणजे त्याला माझ्या घरी, माझ्या समोर येऊन सही करावी लागेल. टेप मुळात त्याचीच असल्याने ती परत करणे हे देणे ठरत नाही. ती त्याच्या बाजूच्या फळीवर ठेवली आहे.

दुसरा साक्षीदार आमचा न्हावी. आम्ही दोघे त्याच्याकडे दाढी करतो आणि एकोणीस वर्षे निरोप त्याच्यामार्फत जातात. त्यालाही काही मिळणार नाही. निरोपांत त्याने पदरचे जे घातले त्यानंतर तसाही माझा विचार नव्हता. भाऊ येतो म्हणाला, असे तो सांगतो. निरोप न्हाव्याचा असल्यामुळे खात्री नाही.

कलम नववे. भावाच्या सहीखाली मी जागा सोडली आहे. तिथे त्याने काय झाले ते लिहावे. बुडाले असेल तर मुलीने तारू कापून त्याच्या खिडक्या कराव्यात, आणि ती गोष्ट होती हे मी पाद्रीबाबांपुढे कबूल करीन. तरंगले असेल तर तारू राहू द्यावे. भावाने कोणापुढेही काहीही कबूल करायची गरज नाही.

एवढे लिहून, वाचून, दोन ठिकाणी खोडून सही करीत आहे.

(सही) सुतार

साक्षीदार पहिला:
मजकूर माझ्यासमोर वाचला. मी यात काहीही वाढवलेलं नाही.
(सही) न्हावी

साक्षीदार दुसरा:
(सही) धाकटा भाऊ, शिंपी

दादा, टेप मिळाली. वहिनी एकटी आत होती तेव्हा ते तुझ्या बाजूला कलत होतं. ती म्हणाली, भाऊजी, आत या, नाहीतर मी पडेन. म्हणून मी चढलो आणि माझ्या बाजूला बसलो. तेव्हा ते सरळ झालं आणि ठोकळ्यांवरून उचललं गेलं. दोन बोटं. टेपने मोजलं, म्हणून टेप तिथे राहिली. पाणी उतरेपर्यंत आम्ही दोघं त्यात बसून होतो. मी आत बसलो होतो हे तुला कळू नये म्हणून वहिनीला शपथ घातली. तिने ती पाळली, तुला माहीत आहे ती कशी होती. पुस्तकाबद्दल माझं मत बदललेलं नाही. रविवारी जेवायला येतो, भांडू. तोपर्यंत मरू नकोस.

ठिकाण: बैठकीची खोली, तारवाची उजवी बाजू
दिनांक: महिन्याची एकोणीस तारीख, गुरुवार, दुपारचे चार