डोंगरावरची कामगिरी

दि. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आईचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकतं कोण. धाकटीचे पुढचे दोन दात पडले. हसली की घराचं दार उघडं राहिल्यासारखं वाटतं.

अक्षर वेगळं दिसेल. एरवी पत्र लिहून देणाऱ्या शिंपीणबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, म्हणून तुझी मोठी लिहितेय. मान वर करू नकोस गं, लिही.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तुला नेलं त्या संध्याकाळी धाकटीनं विचारलं, "आई कुठाय?" खिडकीतून डोंगरावरची ती तुमची इमारत दिसत होती. भिंती धुक्यात बुडालेल्या, नुसते दिवे तरंगत होते. मी म्हणाले, तिथे दिवे लावायच्या कामावर गेलीय. झालं. तेव्हापासून अंधारून आलं की धाकटी खोलीतला दिवा चालू-बंद करते. दोनदा म्हणजे 'जेवलीस का'. मग काचेला नाक लावून उभी. "आजी, बघ, आई हलली." कधी कधी मलाही हललेलं दिसतं. म्हातारपणी डोळेही लबाड होतात. बल्ब मात्र उडतात ते खरेच.

मोठीला शाळेत कुणीतरी म्हणालं, "दिवे कसले, तुझी आई तुरुंगात आहे." घरी आली, दप्तर ठेवलं, धाकटीला कडेवर घेतलं आणि बटणापाशी नेलं. मधल्या सुट्टीत आता एकटीच बसते म्हणे.

हात थांबला बघ हिचा. लिही बाई, तुझंच आहे.

काल म्हणाली, "आजी, तुला खोटं बोलता येत नाही. मला आईकडे घेऊन चल."

"तुरुंगाच्या या कपड्यांत पोरींनी मला बघू नये," असं तू म्हणतेस. अगं, तापात फणफणलेली, केस पिंजारलेली आई पाहिलीय त्यांनी. कपड्यांचं काय घेऊन बसलीस? शिक्षा तुला झाली. आईचं तोंड बघायचं नाही, ही शिक्षा पोरींना कुणी दिली? तू नि मी, दोघींनी मिळून.

येत्या भेटीच्या दिवशी दोघींना घेऊन येते. धाकटीला खरं काय ते तूच सांग, मांडीवर घेऊ देतील तर मांडीवर घेऊन.

नको म्हणायचं असेल तर तसं कळव. मला वाचता येत नाही. तुझं पत्र मोठीच वाचून दाखवेल.

तुझी,
आई