ताकदीची सलाईन

४ मार्च
आज पुन्हा सलाईन. "ताकदीची आहे," बायको म्हणते. थोरला मुलगाही तेच. ताकदीच्या सलाईननं केस गळतात हे नव्यानंच कळलं! अरे, बस चालवण्यात जन्म गेला माझा, रस्त्यावरच्या पाट्या वाचत. वॉर्डाच्या दारावरची वाचता येणार नाही? पण हिचा चेहरा बघितला की तोंडाला कुलूप लागतं.

५ मार्च
नळी हाताला, हात पलंगाला. खिडकी आहे, पण उघडत नाही.

७ मार्च
दिवसपाळीच्या सिस्टरला मी मनात फौजदार म्हणतो. बाकीच्या "काही नाही हं आजोबा, मुंगी चावेल" म्हणत सुई खुपसतात. फौजदार म्हणते, "दुखेल. शीर सापडत नाहीये. जरा थांबायचं का?" मला विचारते! पांघरूण काढायच्या आधी पडदा ओढते. उलटी आली की भांडं धरून उभी राहते, नाक मुरडत नाही.

आज तिला विचारलंच — मला कॅन्सर आहे ना? इकडेतिकडे बघितलं नाही. खुर्ची ओढून बसली. "हो. किती पसरलाय ते डॉक्टर सांगतील. विचाराल तेव्हा मी शेजारी थांबते." संध्याकाळी डॉक्टरांना विचारलं. ती थांबली. यकृतापर्यंत गेलाय. रडलो. तिनं घाई केली नाही.

८ मार्च
ही डबा घेऊन आली. "रंग सुधारलाय हो तुमचा." म्हटलं, सलाईन लागू पडतेय. दोघंही हसलो.

१० मार्च
फौजदार माझ्यासमोर 'केमो' म्हणाली, म्हणून थोरल्यानं मोठ्या सिस्टरकडे तक्रार केली. "बाबांनी धसका घेतला तर जबाबदार कोण?" आता तिला दुसऱ्या वॉर्डात टाकणार. ती एवढंच म्हणाली, "तुमच्या घरच्यांना मी काही सांगणार नाही. ते तुम्ही ठरवा."

गप्प बसलो तर माझ्याशी खरं बोलणारं एकच माणूस जातं. बोललो तर घरच्यांचं नाटक कोसळतं — आणि ते बिचारे माझ्यासाठीच तर करताहेत. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलो. जेवण तसंच परत गेलं.

११ मार्च
सकाळी हिला सांगून टाकलं. मला सगळं माहीत आहे. मीच विचारलं होतं. त्या बाईंना हलवू देऊ नका.

बराच वेळ डब्याचं झाकण लावत बसली. मग म्हणाली, "अहो, मग आता मी तुमच्यासमोर रडले तर चालेल?"