भरलेला जुना सिलिंडर रिकामा करू देण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
जलाशय देखभाल विभाग.

विषय : पाणबुड्यांच्या जुन्या पोलादी सिलिंडर क्र. ४ मधील हवा सोडून व्हॉल्व्ह काढण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व आपली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. गेल्या वर्षी माझे थोरले बंधू याच सिलिंडरवर धरणाची जाळी साफ करायला उतरले आणि गेले. मी तेव्हा रोजंदारीवर दोर धरायचो. दोर शांत होता, म्हणून काम नीट चालले आहे असे मी समजलो. पुढे अनुकंपा तत्त्वावर त्यांच्या जागी पाणबुड्या म्हणून मलाच घेतले.

२. चौकशी अहवालात "सिलिंडरच्या दाबाचा काटा जवळजवळ पूर्ण होता, सबब दोष पाणबुड्याचा" असे नमूद आहे. काट्याचे खरे आहे. क्र. ४ हा राखीव आहे; राखीव सिलिंडर सदैव भरलेला ठेवावा असा विभागाचा नियम असून भांडारपाल तात्या दरमहा काटा पाहून सही करतात. अकरा वर्षांत तो कोणी रिकामा केला नाही. आत ओल राहिली की पोलाद गंजते आणि गंज हवेतला प्राणवायू खातो, हे मला बंधू गेल्यावर सिलिंडर तपासणाऱ्याने सांगितले. काट्याला फक्त दाब कळतो. अशा हवेत माणूस गुदमरतही नाही, नुसती शुद्ध हरपते. घटनेनंतर कमी झालेली थोडी हवा वरून भरून सिलिंडर पुन्हा जागेवर ठेवण्यात आला.

३. पंधरा दिवसांपूर्वी मी व्हॉल्व्ह किंचित उघडून पांढऱ्या फडक्यावर हवा सोडली. तांबूस पूड आली. फडके सोबत जोडले आहे, कृपया धुऊ नये. त्यावर कार्यालयाची हवा वाया घालवल्याबद्दल मला नोटीस आली. हवा वाया गेली, मान्य आहे. तात्यांचे म्हणणे, भरला सिलिंडर सोडून देणे म्हणजे भरल्या ताटावरून उठणे. माणूस वाईट नाही, बंधू गेले तेव्हा ढसाढसा रडला. मला अजून रडू आलेले नाही. रागही येत नाही.

४. सिलिंडर खराब असल्याचा दाखला आणल्याशिवाय तो उघडता येणार नाही, असे आपल्या कार्यालयाने कळवले. उघडल्याशिवाय दाखला देता येत नाही, असे तपासणारा म्हणतो. दोघांचेही बरोबर आहे. मी सहा हेलपाटे घातले.

५. तरी हवा सावकाश सोडून, व्हॉल्व्ह काढून, आत दिवा धरून एकदा पाहू द्यावे. तासाभराचे काम आहे.

६. चांगले दोन्ही सिलिंडर दुसऱ्या धरणावर गेल्याने सोमवारी सकाळी मला याच सिलिंडरवर उतरण्याचा लेखी आदेश आहे. नाही म्हटले तर नोकरी जाईल, आणि आई व वहिनी माझ्यावरच आहेत. म्हणून मी उतरेन. दोर तात्या धरतील. दर मिनिटाला ओढ द्या, उत्तर आले नाही तर कोणाला न विचारता खेचा, असे त्यांना सांगितले आहे. आधी साहेबांना विचारतो, म्हणाले.

७. माझ्यानंतर अनुकंपा तत्त्वावर घेण्याजोगे आमच्या घरात कोणी उरलेले नाही. विभागाची गैरसोय होऊ नये म्हणून आगाऊ कळवत आहे.

आपल्या आदेशानुसार उतरणारा,
(सही)
पाणबुड्या, जलाशय देखभाल विभाग
शुक्रवार, दुपार