सहावा नंबर

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या सशाचा साष्टांग नमस्कार. (पाय इथूनच धरून ठेवले आहेत. का, ते पत्र संपता संपता कळेल.) गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी रोजच्या रोज घेतेस ना, की आठवण आली की दोन एकदम? आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे कुणाला काही झालेलं नाही. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण आत्या, गेल्या मंगळवारपासून माझी फोनला हात लावायची छाती होत नाही. तो टेबलावर नुसता पडलेला असला तरी मी खुर्ची मागे घेतो.

तुला माहीतच आहे, मी लसींच्या शीतगृहात तंत्रज्ञ आहे. एक मोठी थंड खोली, तिच्यात रॅकवर खोकी आणि खोक्यांत आसपासच्या झाडून सगळ्या तान्ह्या बाळांच्या लसी. खोली दोन ते आठ अंशांत राहायला हवी. पारा आठच्या वर अर्धा तास राहिला तर सगळा साठा फेकून द्यायचा, आणि साठ्यामागोमाग बहुधा मलाही. आजवर मी तासातासाला आकडा बघून वहीत लिहायचो. (सुट्टीच्या दिवशीही घड्याळाचा मोठा काटा बारावर आला की मी उठून घरचा फ्रिज उघडून बघतो. तुझी भाचेसून आता काही बोलत नाही, नुसती बघते.)

तर साहेबांनी एक यंत्र आणलं. डब्यासारखा डबा, पण तो मिनिटामिनिटाला तापमान स्वतः टिपून ठेवतो आणि काही बिघडलं की आपणहून फोन लावून माणसाच्या आवाजात सांगतो. माणूस म्हणजे मी. बोलायला वीस सेकंद मिळतात. मी कागदावर नीट लिहून काढलं होतं: शीतगृहात धोका आहे, ताबडतोब या, निरोप पोचल्याची खूण म्हणून एक दाबा. पण रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला आणि कागदावरचं एक अक्षर दिसेना. 'धोका आहे हो, कुणीतरी लवकर या, मला काही सुचत नाहीये' एवढ्यातच वीस सेकंद संपले. शीतगृह राहिलं, एक दाबणंही राहिलं. साहेब कामात होते, त्यांनी अर्धवट ऐकून 'चांगलं कळकळीचं झालंय' असा शेरा मारला. पुन्हा रेकॉर्ड करू का, हे विचारायची मला भीती वाटली.

मग डब्याने सहा नंबर मागितले. एकाने खूण दाबली नाही की तो दुसऱ्याला लावतो, मग तिसऱ्याला. घरचा घातला, मग स्टोअरकीपर, साहेब, कॉम्प्रेसरचा मिस्त्री, फाटकावरचा पहारेकरी, आणि सहावा एक. शेवटी त्याने विचारलं, इशारा कधी द्यायचा, आठच्या वर गेल्यावर की खाली गेल्यावर? मी 'वर' दाबलं. काहीच झालं नाही. दोन मिनिटं थांबलो, तरी काही नाही. मला वाटलं, यंत्र बंद पडलं आणि ते आपल्याच हातून. म्हणून 'खाली' दाबून बघितलं, तर डबा लगेच फोन लावू लागला. मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू. मी तेच कायम केलं, कुणी हात लावू नये म्हणून पासवर्ड घातला आणि चहाला गेलो.

खोली आत पाच अंशांवर होती आत्या, म्हणजे अगदी उत्तम. आणि सगळं उत्तम आहे म्हणून डबा माझ्या आवाजात जगाला ओरडून सांगत होता की धोका आहे.

तुझी भाचेसून एका पायात तिची आणि एका पायात माझी चप्पल घालून धावत आली. मी धडधाकट दिसल्यावर जास्तच चिडली. तेव्हा कुठे चूक लक्षात आली, पण घाबरून पासवर्ड तीनदा चुकीचा घातला आणि डब्याने सहा तासांसाठी कुलूप लावून घेतलं. साहेबांना एक दाबायला शिकवलं, तर दहा मिनिटं शांत, की पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या खेपेला स्टोअरकीपरने जाड कोट चढवला, स्टूल उचललं आणि जिथे फोन लागत नाही त्या थंड खोलीतच जाऊन बसला.

साडेतीनला फोन थांबले. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. साहेब म्हणाले, दमलं वाटतं. स्टोअरकीपरही बाहेर येऊन चहा पीत होता. मला मात्र एकदम आठवलं. डबा खोली आठच्या खाली असली की बोलतो, मग तो गप्प का? मी सगळं तिथेच टाकून पळालो. खोलीचं दार हातभर उघडं होतं, खिटी बसलीच नव्हती. आकडा आठ पूर्णांक चार. मी दार लोटून पाठ लावून उभा राहिलो. आत्या, त्या वेळी नोकरीचं काही मनात नव्हतं. त्या बारक्या बाटल्या कुणाकुणाच्या बाळांच्या होत्या, तेवढंच होतं. पारा आठच्या वर जाऊन सव्वीस मिनिटं झाली होती. सत्ताविसाव्याला साहेबांनी स्पीकरवर घेतलेल्या फोनमधून माझाच आवाज आला, धोका आहे हो, कुणीतरी लवकर या. इतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. साठा वाचला.

आता यंत्र बरोबर लावलंय, त्यामुळे ते गप्प असतं. आणि ते गप्प असलं की मला धडकी भरते. गोळी घेत जा.

तुझा,
ससा

ता. क. सहावा नंबर तुझा होता. डब्यासमोर बसल्यावर मला पाठ असलेला तेवढा एकच आठवला. मंगळवारी तुला फोन करणारा तो घाबरलेला माणूस मीच. आईकडून कळलं की तू त्याला तुझा पत्ता दिलास, आणि तो येईल म्हणून दिवसभर दाराला कडीही लावत नाहीस. कडी लाव. तो येणार नाही, रविवारी मी येतो.

पुन्हा ता. क. डबा कोण किती वेळ फोनवर होतं तेही लिहून ठेवतो. पहिल्या फेरीत भाचेसून चाळीस सेकंद, स्टोअरकीपर सहा, साहेब चार, मिस्त्री दोन, पहारेकऱ्याने उचललाच नाही. तुझ्यापुढे अकरा मिनिटं आहेत. साहेब विचारतात, तुझा नंबर पहिला घातला तर चालेल का? फोन आला की फक्त एक दाबायचा आणि लगेच साहेबांना कळवायचं. पण दाबायच्या आधी थोडं बोललीस तरी चालेल. यंत्राला काही ऐकू येत नाही, पण त्याची वही रोज सकाळी मी वाचतो.