ट्रकची साखळी

३ फेब्रुवारी १९७४, रविवार
चोर! लहानू चोर आहे!
मौदा ते नागपूर सायकल शर्यत. पहिल्या येणाऱ्याला मिलमध्ये खेळाडू म्हणून कायमची नोकरी. अर्ध्या वाटेपर्यंत मीच पुढे. मग मागून एक ट्रक घासून गेला – आणि त्याच्या मागची साखळी धरून लहानू! पाय मारायचेही कष्ट नाहीत. धुरळ्यात ना ट्रक ओळखू आला, ना नंबर दिसला.
हार त्याच्या गळ्यात. मी दुसरा.

४ फेब्रुवारी
शर्यत भरवणाऱ्या मनोहररावांकडे गेलो. म्हणाले, "तू सोडून कोणी पाह्यलं? अन् तुले ट्रक भेटला असता तं तू सोडला असता का गा?"
सोडला असता! ओरडून सांगितलं. हसले.

६ फेब्रुवारी
लहानू जरीपटक्याच्या बाजारात सापडला. थोबाडीत दिली. "अजून मार," म्हणाला, "पण नोकरी नाही सोडत मी." हातही उचलला नाही. त्याचाच जास्त राग आला.
त्याचा बाप धोंडबा आमच्या बाबांच्या ट्रकवर क्लीनर होता. पोळ्याच्या सुमारास वारला. घरात आई, दोन बहिणी. माहीत आहे मला! म्हणून चोरी माफ? मग मी पायाच्या पोटऱ्या दगड होईपर्यंत सायकल हाणली ती कशाला?

८ फेब्रुवारी
तक्रार दिली. मंगळवारी शर्यतीच्या समितीपुढे बोलावलंय.

११ फेब्रुवारी
बाबा अंगणात दाढी करत होते. आरशातूनच बोलले.
"तो ट्रक मीच चालवून राह्यलो होतो. मीच त्याले म्हटलं, धर साखळी."
काहून? मी विचारलं.
"तुले मी आहो. त्याले कोण हाय?"
मला विचारलंसुद्धा नाही! दया करायची होती तर स्वतःचं काही द्यायचं. माझे पाय का देऊन टाकले? आणि वर कसे शांत – दुसरा गालही नीट घोटून काढला!
थुंकलो अंगणात. त्यांच्यासमोर.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
समितीनं विचारल्यावर लहानूनं साखळी धरल्याचं कबूल केलं. ट्रक कोण चालवत होतं? गप्प. "नाव सांग, तर नोकरीचं बघू" – तरी गप्प.
मग मी सांगितलं. बाबांचं, पूर्ण नाव.
अजून घरी गेलो नाही.