पुढची चाकं

४ एप्रिल

भिमाजी भावजी आज परत तेच घेऊन बसले. पिकअप टू व्हील ड्राइव्हची घ्या, टू व्हीलच घ्या! चहा गार झाला तरी तोंड बंद नाही.

"वहिनी, वर्साचं चार दिवस चिखल. बाकी साल कोरडं. त्या चार दिवसांपायी वर्सभर चार चाकं कशाला पोसायची? डिझेल पिती ती, डिझेल!"

मी म्हटलं, त्या चार दिवसांतल्याच एका दिवशी तुमचा भाऊ गेला.

भावजी बशी तशीच ठेवून उठले. मला कुणाचं मन राखून बोलता येत नाही. आलंच नाही कधी.

पिकअप जुनीच घ्यायची. पण घ्यायची तर आहेच. वस्त्यांवरचं दूध गोळा करून जामखेडला डेअरीत घालायचं हे आमच्या मालकांचं काम. ते गेल्यापासून दुसऱ्याची गाडी लावली. तो आता म्हणतो, पावसाळ्यात तुमच्या ओढ्यात मी गाडी घालणार नाही. घालू नको. आमची आम्ही घालू.

आम्ही म्हणजे धनश्री. माझी पोरगी. गाडी ती चालवणार. रोज, त्याच ओढ्यातून.

६ एप्रिल

आज परत ऐकू आलं. शेजारच्या गोठ्यात कडबा कापायचं कुट्टी मशीन चालू झालं आणि मला वाटलं ओढ्यात चाक फिरतंय. तसंच! घूंऽऽ करत, काही न धरता. भाकरी तव्यावर करपली. धनश्री म्हणाली, आई, मशीन आहे. मला काय कळत नाही का मशीन आहे ते!

७ एप्रिल

आत्यांना समजावता समजावता जीव गेला. आत्या म्हणजे माझी सासू, झुंबरबाई. त्यांचं म्हणणं, "चार चाकं तर समद्याच गाड्यांना असत्यात. मग ही फोर व्हील येगळी कशी?"

धनश्रीनं मोबाईलवर दाखवलं. म्हणाली, "आजी, साध्या गाडीची मागची दोन चाकं ओढतात. पुढची दोन नुसती गडगडत जातात, पाहुण्यासारखी. फोर व्हीलची चारही ओढतात."

आत्या म्हणाल्या, "म्हंजी पाहुन्यांना बी कामाला लावायचं. चांगलं हाय."

हसलो. लई दिवसांनी तिघी एकदम हसलो. मग तिघींनाही एकदम कसंतरी झालं.

११ एप्रिल

लिहू नये म्हणते. पण डोक्यातून जात नाही तर कागदावर तरी जाऊ दे.

गेल्या सालचा परतीचा पाऊस होता. ओढ्याला गुडघाभर पाणी. रोजचंच. मी काठावर उभी, मागं राहिलेली दुधाची घागर द्यायला आले होते. मालकांची गाडी मध्यावर रुतली. मागची चाकं भिरभिरत होती, चिखल उडवत. आणि पुढची चाकं गप्प. पाण्यात नुसती उभी. बघ्यासारखी!

मी ओरडले, उतरा, मरू दे ती गाडी. त्यांनी काच खाली केली. हसले.

"आत्ता निघंल!"

वर डोंगरात कुठंतरी जास्त झाला असणार. लोंढा आला तो एकदमच आला.

माणूस सापडला खाली, बाभळीत. गाडी तिथंच जरा पुढं आडवी. क्रेननं काढली तेव्हा आतलं सगळं वाहून गेलेलं. कॅन, बूट, सीटवरचं कापड, सगळं. एक नारळ तेवढा जाग्यावर. भैरोबाचा. गाडी आणली त्या दिवशी आत्यांनी लाल कापडात गुंडाळून मुक्याला बांधला होता, तो.

मुका म्हणजे गिअरशेजारचा छोटा दांडा. ज्यानं गाडी विकली त्यानं सांगितलेलं — हा बिघडलाय, मुका आहे, याला हात लावू नका, खालचा बॉक्स फुटंल. मालकांनी कधी लावला नाही. आत्या म्हणाल्या, रिकामाच हाय तर देव बसू दे तितं. मी तो दांडा कधी नीट बघितलाही नाही. बघितलं ते लाल गाठोडं.

क्रेनवाल्यांसमोर आत्या म्हणत होत्या, "बघा, देव हालला न्हाई."

देव बसला घट्ट. माणूस गेला!

गाडी भंगारात दिली. नारळ देवळीत आहे. आतलं खोबरं सुकलंय, उचलला की वाजतो. कधी कुणी न उचलताच वाजतो. उंदीर असंल.

१४ एप्रिल

राहुरीत एक गाडी आहे म्हणे. फोर व्हील, जुनी, पण धड. धनश्रीनं फोनवरच शोधली. भावजी म्हणाले, "वहिनी, तुमी ऐकनार न्हाईच." न्हाईच.

१६ एप्रिल

राहुरीला जाऊन आलो. मी, धनश्री, भावजी. एसटीनं.

विकणारे काकासाहेब म्हणून. जाड गृहस्थ, बोलायला गोड. म्हणाले, ताई, पुढं बसा, एक चक्कर मारू. मी नाही म्हटलं. पुढं बसायचं मी सोडलंय. ते आग्रह करायला लागले तर म्हटलं, गाडी विकायचीय का मला बसवायचंय?

त्यांच्या रानात पाटाचं पाणी सोडलेलं होतं. मी बांधावर उभी राहिले. धनश्री गाडीत, काकासाहेब शेजारी. आधी साध्या गाडीसारखी, मागच्या दोनच चाकांवर घातली. रुतली! मागची चाकं भिरभिरली. तोच आवाज. घूंऽऽ. मी पदर तोंडात धरला. भावजींनी माझ्याकडं बघितलं.

मग आत काकासाहेबांनी काहीतरी सांगितलं आणि पुढची चाकं फिरली. फिरली म्हणजे — माती ओरबाडली त्यांनी. हातांनी ओरबाडावी तशी. गाडी चढून सरळ बांधाला आली.

"बघा ताई! रेड्यागत निघाली का न्हाई?"

निघाली. मी म्हटलं, हीच घ्यायची.

धनश्री खाली उतरेना. स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. मी हाक मारली, उतर की आता, एसटी जाईल! उतरली. तोंड पांढरं. ऊन लागलं असंल.

१७ एप्रिल

पोरगी म्हणते, टू व्हीलच घेऊ!

मला पहिल्यांदा कळलंच नाही. म्हटलं काय? तर खाली बघून परत तेच. "टू व्हील घेऊ आई. काका म्हणतात ते बरोबर आहे."

महिनाभर मोबाईल नाकाला लावून फोर व्हील फोर व्हील करणारी हीच ना! भावजींनी कान भरले असणार म्हणून मी तशीच उठून त्यांच्या घरी गेले. ते जेवत होते. म्हणाले, "वहिनी, आईशपथ, म्या काय बोललो न्हाई. मला तर काल बघूनशान वाटलं, तुमचंच खरं."

भावजी माझ्या बाजूला आणि पोरगी विरुद्ध. काय दिवस आहेत!

१९ एप्रिल

आज भांडण. मी म्हटलं, ओढ्यात कोण जाणार, तू. काठावर परत कोण उभं राहणार, मी. मागची चाकं भिरभिरताना परत बघू का? तेव्हा पुढची ओढली असती तर तुझा बाप आज जेवायला असता! साध्या गाडीनं मारला त्याला.

तिनं माझ्याकडं असं बघितलं — कीव केल्यासारखं. मला राग आला. म्हटलं, बघतीस काय?

"काही नाही," म्हणाली. "तुला पाहिजे तर घे. पण एक ऐक. गाडी आली तरी तू पुढं बसू नको."

मी कधी बसते?

२३ एप्रिल

फोर व्हीलच. सांगून टाकलं. विषय संपला.

२८ एप्रिल

गाडी आली. भावजी आणि धनश्री घेऊन आले. मी गुरांपाशी थांबले होते. ओढा कोरडा होता तरी ती उतरताना बघवलं नाही, गोठ्यात गेले. हॉर्न वाजला तेव्हा बाहेर आले.

पांढरी आहे. मागं कुणाचं तरी नाव खरवडून काढलंय. मी चारही चाकांना हात लावून आले. पुढच्या दोन्हींना जास्त वेळ.

आज कुट्टी मशीन चाललं. नुसतं मशीनच ऐकू आलं.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. गाडीची पूजाही आज, आणि मालकांच्या नावानं पाण्याचा करा भरायचा तोही आज. भावजी म्हणाले, दोन्ही एकाच दिवशी नको. आत्या म्हणाल्या, "का नको? त्यो बी बघंल की गाडी."

मातीचा करा पाण्यानं भरला. वर खरबूज ठेवलं. गेल्या साली याच दिवशी ते ओट्यावर बसून आंबा चोखत होते, बंडीवर डाग पाडून घेतला म्हणून मी बोलले होते. आता पाणी पाजतेय मातीला.

धनश्री सकाळपासून गाडीपासून हलेना. तीच पुसते, तीच हार घालते. कुणाला आत चढू देत नाही. मी म्हटलं, नवरीमुलगी आहे का ती, इतकं झाकून ठेवायला!

आत्यांनी देवळीतला नारळ काढलाय. तोच. म्हणतात, दुसरा कशाला, ह्यो पान्यात बी हालला न्हाई. मी नको म्हणणार होते. पण म्हटलं नाही. त्यांचाही मुलगाच गेला ना.

३० एप्रिल, दिवेलागण

धनश्री पाणी आणायला वळली तेवढ्यात आत्या नारळ घेऊन गाडीत चढल्या. मी दाराशी. गिअरशेजारी छोटा दांडा. आत्या त्याला लाल कापड गुंडाळायला लागल्या. "ह्या गाडीला बी मुका हाय बग. माझ्या वैजूच्या गाडीत बी इतंच बांदला हुता."

मागून धनश्री ओरडली, "आजी, त्याला नको! त्यानंच पुढची चाकं —"

आणि माझ्याकडं बघून थांबली. मालकांच्या गाडीतला मुका म्हणजे हाच दांडा, हे तिनं राहुरीतच ओळखलं होतं. दोन आठवडे एकटीच गिळून बसली होती.

आत्या म्हणाल्या, "मंग देव कुटं बांदू?"

मी म्हटलं, आरशाला बांधा आत्या. दांड्यापाशी पोरीच्या हाताला अडंल.

एवढंच म्हटलं. म्हातारीला दुसरं काही सांगितलं नाही. सांगणार नाही.

खरंच बिघडलेला होता का तो मुका? कुणी ओढूनच बघितला नाही.

आत्ता निघंल, म्हणत होते.

निघाली असती.