घेवड्याची पाने आणि सारजाचा हक्क

मी, कौसल्या विनायक रासकर, वय एकसष्ट, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार वालचंदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. धाकटे दीर आबाजी मला वेडी ठरवू पाहतात, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. निरवांगीची विहिरीची जमीन पतीमागे माझ्याकडे आली आणि छप्पनच्या हिंदू वारसा कायद्याने पूर्ण माझी झाली. ती मी आबाजींची मुलगी सारजा हिला देते. नवऱ्याने टाकल्यावर बापाने तिला गोठ्याशेजारी ठेवले होते. मी तिला माझ्याकडे आणले.

२. पाऱ्याच्या वाफेचा दिवा व काळे चष्मेही सारजाला. या दिव्यातून जंबुपार, म्हणजे जांभळ्यापलीकडचे, न दिसणारे किरण निघतात. ते पानाच्या पेशीतील न्यूक्लिक आम्लाचे रेणू बिघडवतात. मात्र लगेच ऊन मिळाले तर पान बरीचशी इजा स्वतःच भरून काढते. नेमके कसे, हे मला अजून कळलेले नाही. मरणापेक्षा त्याचेच वाईट वाटते.

"ह्या दिव्यात करणी हाय, वहिनी खुळी झाली," असे म्हणत आबाजींनी पंच आणले. मी त्यांच्यादेखत घेवड्याच्या सगळ्या कुंड्यांवर सारखाच दिवा धरला. निम्म्या उन्हात ठेवल्या, निम्म्या अंधाऱ्या कोठीत. तीन दिवसांनी पंच पुन्हा आले तेव्हा कोठीतली पाने तांबूस पडून सुकली होती. उन्हातली हिरवी होती. करणी असती तर दोन्हीकडची पाने सारखीच सुकली असती.

पंचांतले झुंबरतात्या म्हणाले, "आबाजी, बाई खुळी न्हाय. तुमाला जमीन पायजे, एवढंच हाय."

आबाजी उठले. "सारजे, चल घरी."

बापासमोर कधी मान वर न केलेली सारजा म्हणाली, "मी न्हाय येत, आबा. अजून पानं बघायची हायेत मला."

३. आबाजींना काही नाही. पतीच्या तेराव्याला त्यांनी माझी पुस्तके घालून बंब पेटवला होता. तो बंब त्यांच्याकडेच आहे, तो लखलाभ असो.

४. माझ्या चितेला अग्नी सारजाच देईल. बाईने अग्नी दिलेला ज्यांना पाहवणार नाही, त्यांनी घरी बसावे. लाकडे तेवढ्याने ओली होत नाहीत.

वरील मजकूर मी वाचून, दोघांच्या समक्ष सही केली.

कौसल्या विनायक रासकर

साक्षीदार:
झुंबर तात्याबा शेंडे (सही)
प्रयागबाई भिमा राऊत (डाव्या हाताचा अंगठा)

वालचंदनगर, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे
३ फेब्रुवारी १९५८